आईचे दूध आणि मजुरीचा दिवस

(उमरगा येथील कार्यकर्ता शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत ऊसदर, पीकविमा, पाणीवाटप या विषयांच्या ओळीत 'तान्ह्या मुलांचे पोषण' हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. हा विषय दवाखान्याचा, फार तर महिला मंडळाचा. राजकीय कार्यकर्त्यांनी त्यात काय करावयाचे, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. खेड्यातील स्त्रीला शौचालय नाही आणि तिची चूल धुराची आहे, हे प्रश्न डॉ. राममनोहर लोहिया यांनी राजकारणात आणले तेव्हाही, हे का राजकारणाचे प्रश्न आहेत, असे वाटणारे लोक होतेच. आज तसे कोणी म्हणत नाही. तान्ह्या मुलाच्या दुधाचा प्रश्न अजून त्या पायरीवर आलेला नाही. तो यावा, यासाठी मी आज बोलणार आहे.

माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. गरीब वस्तीतील मूल आईच्या दुधाला अपुरे पडते तेव्हा आपण सारे जण आईच्या अज्ञानाकडे बोट दाखवितो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह साजरा होतो, भिंतींवर चित्रे लागतात, भाषणे होतात आणि आईला उपदेश केला जातो. उपदेश चुकीचा नसतो. परंतु जिला तो केला जातो तिच्या दिवसाचे तास कोणाच्या ताब्यात आहेत, हे कोणी विचारीत नाही. दुधाचा प्रश्न हा मुख्यतः कामाच्या तासांचा आणि मजुरीचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो आपला प्रश्न आहे.

शास्त्र काय सांगते

ज्या गोष्टींबद्दल वैद्यकशास्त्रात आता वाद उरलेला नाही, त्या आधी पाहू. जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत बाळाला छातीशी घ्यावे. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा घट्ट, पिवळसर चीक पिळून टाकू नये. रोगप्रतिकारक द्रव्ये त्यात सर्वाधिक असतात. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. पाणीदेखील नको, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हातही नको, कारण बाळाला लागणारे पाणी त्या दुधातच असते. सहा महिन्यांनंतर घरचे मऊ अन्न सुरू करावे आणि दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढेही चालू ठेवावे. सहा महिन्यांची ही मर्यादा जागतिक आरोग्य परिषदेने २००१ साली निश्चित केली. तोवर चार ते सहा महिने असे मोघम सांगितले जात असे. स्तनपान सर्वत्र नीट झाले तर जगात दर वर्षी पाच वर्षांखालील सुमारे ८ लाख २० हजार मुलांचे मृत्यू टळू शकतील, असा हिशेब 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ साली मांडला.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी पक्की लक्षात ठेवावी, कारण पुढचा सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. दूध जितके पाजावे तितके येते. बाळ ओढते म्हणून शरीर दूध तयार करते. आई आठ-दहा तास बाळापासून दूर राहिली, तर पहिले काही दिवस छाती दाटून दुखते आणि पुढे दूधच कमी होते. 'माझे दूध पुरत नाही' असे ती सांगते तेव्हा ती खोटे बोलत नाही. दूध खरोखरीच कमी झालेले असते. ते कमी करणारे कारण मात्र तिच्या शरीरात नसून तिच्या कामाच्या वेळापत्रकात असते.

आपल्या रूढींविषयीही एकांगी बोलू नये. चीक पिळून टाकणे, जन्मल्या जन्मल्या मध किंवा गूळपाणी चाटविणे, रोज गुटी उगाळून पाजणे या चाली घातक आहेत आणि त्या मोडल्याच पाहिजेत. परंतु सहाव्या महिन्यात उष्टावण करणे हीदेखील आपलीच चाल आहे, आणि आजचे शास्त्र तीच वेळ सांगते. बाळंतिणीला माहेरी नेणे, तिला सव्वा महिना विश्रांती देणे, डिंक, मेथी, अळीव, खोबरे खाऊ घालणे, ही तिच्या श्रमाची आणि शरीराची झीज भरून काढण्याची समाजाने केलेली व्यवस्थाच होती. अर्थात ती सर्वांच्या वाट्याला कधीच आली नाही. ज्यांच्या घरी दाणे होते त्यांच्या लेकींना ती मिळाली. तांड्यावरच्या आणि गावकुसाबाहेरच्या बाईला बाराव्या-पंधराव्या दिवशी खुरपे हातात घ्यावे लागले. रूढी वाईट की चांगली, एवढीच चर्चा आपण करतो. चांगली रूढी कोणाला परवडत होती, हा प्रश्न राहून जातो.

दवाखाना जवळ आला, पहिला तास दूर राहिला

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. ही मोठी प्रगती आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली मुले होती ५३.२ टक्के. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण ५७.५ टक्के होते. दवाखान्यातील बाळंतपणे वाढली, आणि पहिल्या तासाचे दूध घटले. आई दवाखान्यात, बाळ दवाखान्यात, परिचारिका दवाखान्यात. तरीही जवळजवळ निम्म्या बाळांना पहिला तास मिळत नाही. येथे तरी आईच्या अज्ञानाचे कारण सांगता येणार नाही. एका पाळीला एकच परिचारिका आणि तिच्या अंगावर अनेक बाळंतिणी असल्या, की बाळाला छातीशी लावून देण्याचे धीराचे काम कोण करणार? शस्त्रक्रियेने होणारी बाळंतपणे वाढली आहेत; राज्यात त्यांचे प्रमाण एक चतुर्थांशाच्या वर गेले आहे. अशा बाईला तर मदतीची दुप्पट गरज असते.

सहा महिन्यांपर्यंत केवळ आईच्या दुधावर असलेल्या मुलांचे प्रमाण याच काळात राज्यात ५६.६ वरून ७१ टक्क्यांवर गेले. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांच्या पायपिटीचे श्रेय यात मोठे आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ज्यांना आपण वेतन नव्हे, 'मानधन' देतो आणि ज्यांना डिसेंबर २०२३ मध्ये संपावर उतरावे लागले, त्या स्त्रियांनी हे काम केलेले आहे.

तरीही पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने रोड, हे महाराष्ट्राचे चित्र पाच वर्षांत सुधारले नाही. दूध पाजणाऱ्यांचे प्रमाण वाढूनही मुले खुजी का राहतात? कारण सहा महिन्यांनंतरच्या घासाचा प्रश्न तसाच आहे. देशात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले होती अवघी ११.३ टक्के. आणि आईची स्थिती काय? राज्यातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर रोज अडीच-तीन भाकरी जास्त. सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात या भाकरी कोठून येणार? अंगावरचे दूध फुकट असते, असे आपण समजतो. ते फुकट नसते. त्याची किंमत आई आपल्या शरीरातून मोजते.

गिरणी, खडी आणि फड

हा प्रश्न आपल्याकडे आज उपस्थित झालेला नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो मराठी स्त्रिया काम करीत होत्या. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी या स्त्रियांच्या बाळंतपणांची पाहणी केली. आई गिरणीत असताना मूल शांत पडून राहावे म्हणून कामगार वस्तीत तान्ह्या मुलांना सर्रास अफू दिली जात होती, हे त्या पाहणीतून पुढे आले. त्या गोळीला लोक 'बाळागोळी' म्हणत. त्या आया क्रूर होत्या काय? भोंगा त्यांच्या हातात नव्हता आणि मूल जवळ ठेवावयास जागा नव्हती.

यावर उपाय उपदेशाने झाला नाही, कायद्याने झाला. मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाचे विधेयक आले, तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच्या बाजूने भाषण केले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, आणि मालकालाही त्या श्रमाचा लाभ होत असल्याने त्याचीही जबाबदारी आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली मुंबई प्रांताने हा कायदा केला. देशातला तो पहिलाच. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळणाघर आणले, १९६१ साली सर्व देशासाठी मातृत्व लाभ कायदा झाला, २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले. याच तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आल्या. तेव्हा आईच्या दुधासाठी भरपगारी वेळ लागतो, हे तत्त्व या देशाने मान्य केलेले आहे. ते कोणासाठी मान्य केले, एवढाच आता प्रश्न आहे.

आता आपल्या भागाकडे या. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे खडी फोडावयास गेली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती; त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या आणि पदराखाली मुले होती. मिलो आणि सुकडी यांच्या आठवणी आपल्या घरांतील म्हातारी माणसे अजून सांगतात. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी कामावरच्याच एका बाईला मजुरी देऊन नेमावे. तरतूद उत्तम होती. अशी नेमलेली बाई आपल्या गावच्या कामावर कधी दिसली काय, हे प्रत्येकाने आपापल्या गावापुरते आठवून पाहावे.

आणि ऊस. उमरगा तालुका दोन राज्यांच्या सीमेवर, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर वसलेला आहे. पाऊस बेभरवशाचा, जमीन कोरडवाहू. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील तांडे आणि वाड्यावस्त्या ओस पडू लागतात. कोणी पुण्या-हैदराबादला बांधकामावर जाते, कोणी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई गरोदर असो की ओली बाळंतीण असो, ती गेली नाही तर कोयता अर्धा होतो आणि उचल अंगावर राहते. फडात पहाटे अंधारात काम सुरू होते. पैसे मिळतात ते टनावर. मुलाला पाजण्यासाठी बाई बसली तर तेवढ्या मोळ्या कमी. खाडा पडला तर दंड. बाळ फडाच्या कडेला झोळीत असते आणि त्याच्यापाशी आठ-दहा वर्षांची बहीण असते, जिची शाळा हंगामापुरती म्हणून सुटते आणि बहुधा कायमची सुटते. रात्री गाडी भरावयास यावी लागते. कोपीवर पाणी लांबून आणावे लागते. या दिवसात 'दर दोन-तीन तासांनी पाजा' हा सल्ला कोठे बसवावयाचा?

कारखान्याच्या फाटकाच्या आत काम करणारी स्त्री कायद्याच्या कक्षेत येते. त्याच कारखान्याचा ऊस तोडणारी स्त्री फाटकाच्या बाहेर आहे. ती मुकादमाची, मुकादम कंत्राटाचा, आणि कारखाना नामानिराळा. सहकाराच्या नावाने चालणाऱ्या कारखान्यांनाही हा दोष लागू आहे, हे आपण, सहकाराचा पुरस्कार करणाऱ्यांनी, अधिक स्पष्टपणे बोलले पाहिजे.

फडावर जे दिसते तेच सौम्य रूपात गावातही आहे. खुरपणी रोजाने असते. सोयाबीनची काढणी गुत्त्याने. गुत्त्याच्या कामात दुपारी घरी जाऊन येण्याची सवड नसते. मूल सासूजवळ राहते, आणि सासू त्याला जे मिळेल ते देते.

डबा आणि पुडा

सासू काय देते, हे पाहिले की बाजार या प्रश्नात कोठून शिरला ते कळते. डॉ. सिसिली विल्यम्स या वैद्यक स्त्रीने १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये 'दूध आणि खून' या मथळ्याचे भाषण केले आणि बाळांना डब्याच्या दुधाची सवय लावणाऱ्या प्रचारावर कठोर शब्दांत हल्ला चढविला. १९७४ साली ब्रिटनमधील 'वॉर ऑन वॉन्ट' या संस्थेने या धंद्याविरुद्ध पुस्तिका काढली. १९७७ साली अमेरिकेत नेस्ले कंपनीवर बहिष्काराची चळवळ सुरू झाली. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेत डब्यांच्या जाहिरातबाजीविरुद्धची आचारसंहिता मतास आली. बाजूने ११८ देश, विरोधात एकच. तो देश अमेरिका.

भारताने १९८३ साली राष्ट्रीय संहिता आणि १९९२ साली कायदा केला. दूधपर्यायी पदार्थ, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि बालअन्न यांच्या विक्रीव्यवहाराचे नियमन करणारा हा कायदा १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला आणि २००३ च्या दुरुस्तीने अधिक कडक झाला. दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या अशा पदार्थांची जाहिरात करता येत नाही, मोफत नमुने वाटता येत नाहीत, डॉक्टरांना भेटी किंवा त्यांच्या परिषदांना पैसे देता येत नाहीत. मुंबईतील 'अकॅश' या ग्राहक संस्थेने बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद यांच्या पुढाकाराने नव्वदीच्या दशकात याच कायद्याखाली नेस्ले कंपनीविरुद्ध न्यायालयात तक्रार नेली. सामान्य नागरिकांच्या संघटनेने लढून मिळविलेले आणि वापरलेले असे कायदे आपल्याकडे थोडे आहेत.

हा कायदा डब्याचा शत्रू नाही. तो अमलात आल्यानंतर दोनच महिन्यांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आपल्या या तालुक्यानेही त्याचा आघात सोसला. आई गमावलेल्या बाळाला पर्यायी दूध द्यावेच लागते. अनाथालयांना असे दूध देण्याची सोय कायद्यातच आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दुसऱ्या आयांचे दूध देता येते, हे तिने दाखविले. जिल्ह्याच्या ठिकाणी अशी पेढी असावी, ही मागणी अवाजवी नाही.

परंतु डब्याचा हिशेब गरीब घरात कसा होतो? तीन-चार महिन्यांच्या बाळाला नुसत्या भुकटीच्या दुधावर ठेवावयाचे, तर दिवसाला सुमारे शंभर ग्रॅम भुकटी लागते. चारशे ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो. महिन्याला सात-आठ डबे. एका डब्याची किंमत शेतमजूर बाईच्या दिवसाच्या मजुरीहून अधिक आहे. मग डबा पुरवून पुरवून वापरला जातो, चार चमच्यांच्या जागी दोन घातले जातात, पाणी विहिरीचे किंवा टँकरचे, आणि बाटलीच्या बुचात आंबलेले दूध. जुलाब सुरू होतात, मूल वाळते, आणि औषधाचा खर्च निराळाच.

आपल्या वस्त्यांत मात्र डब्यापेक्षाही पुड्याचा शिरकाव अधिक आहे. पाच-दहा रुपयांचा बिस्किटाचा पुडा, तो चहात बुडवून, पाच महिन्यांच्या बाळाच्याही तोंडात जातो. पोट भरल्यासारखे होते. मूल ओढत नाही. दूध आणखी कमी होते. श्रीमंतांच्या पुड्यातही साखर असते. एप्रिल २०२४ मध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेच्या अहवालाने दाखविले की, नेस्लेच्या सेरेलॅक या बालअन्नात भारतात एका वाढपामागे सरासरी जवळजवळ तीन ग्रॅम साखर घातलेली होती. स्वित्झर्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या तशाच मालात ती नव्हती. आपल्याकडे ज्वारी आहे, मूग, तूर, शेंगदाणे, गूळ आहे. ज्वारीच्या कण्या, वरणात कुस्करलेली भाकरी, मऊ भात, त्यावर थोडे तेल किंवा तूप, जमेल तेव्हा अंडे, हे कोणत्याही पुड्याहून सरस अन्न आहे. पण ते शिजविण्यास आणि लहान लहान घासांनी भरविण्यास पुन्हा एक माणूस आणि अर्धा तास लागतो. पुडा विकतो तो त्या अर्ध्या तासाची उणीव.

दोन इशारे

पहिला इशारा. आईच्या दुधाची महती गाताना आईपणाचे देव्हारे माजवू नका. स्त्रीने घरी बसावे, कारण मुलाला दूध हवे, असा निष्कर्ष काढणारे लोक या विषयाची वाट पाहत असतात. मजुरी सोडून घरी बसणे कोणत्या शेतमजूर बाईला परवडते? तिला काम हवे आहे आणि मूलही निरोगी हवे आहे. या दोहोंत तिला निवड करावयास लावणारी व्यवस्था बदलणे हे आपले काम आहे. जिला काही कारणाने पाजता येत नाही, तिला अपराधी ठरविण्याचा अधिकारही कोणाला नाही.

दुसरा इशारा पुरुष कार्यकर्त्यांसाठी आहे. पाणी भरणे, मोठे मूल सांभाळणे, भाकरी थापणे ही कामे पुरुषाच्या हातांनी होऊ शकतात. पाजण्याचे काम तेवढे होऊ शकत नाही. म्हणून ते एक काम जिला करावयाचे आहे तिची बाकीची कामे आपण उचलली पाहिजेत. आई कामावर जाताना दूध पिळून स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात गार जागी ठेवू शकते. ते काही तास टिकते आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येते. बाटली लागतच नाही. हे बाप करू शकतो. ज्या घरात मी सभेला जातो म्हणून बाईच्या कामाची भर पडते, त्या घरात समाजवाद उंबऱ्याबाहेर राहिला, असे समजावे.

आपण काय मागावयाचे

आता कार्यक्रम. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये देण्याचे मान्य केले; सरकारी नोकरीतील आणि दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या. २०१७ च्या मातृवंदना योजनेने पहिल्या मुलासाठी पाच हजार ठेवले. पुढे दुसऱ्या अपत्यासाठी सहा हजार दिले, ते मुलगी झाली तरच. नोकरदार बाईला २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस पगार मिळतो. पाच हजारांना १८२ ने भागा. दिवसाला सत्तावीस रुपये होतात. एका बाईचे दूध पूर्ण पगाराचे आणि दुसरीचे सत्तावीस रुपयांचे, हा भेद आम्हाला मान्य नाही. असंघटित क्षेत्रातील प्रत्येक मातेला, प्रत्येक बाळंतपणानंतर, किमान वेतनाच्या दराने सहा महिने मातृत्व वेतन मिळाले पाहिजे.

ऊसतोडीच्या प्रत्येक तळावर पाळणाघर हवे. त्याला सावली, पिण्याचे पाणी आणि टोळीतीलच एक बाई पूर्ण मजुरीवर हवी. खर्च कारखान्याने करावा. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे. त्याच्या खर्चात या पाळणाघरांना पहिले स्थान मिळावे. पाजण्यासाठी बसलेल्या वेळेबद्दल खाडा धरू नये, हे मुकादमाच्या करारात लिहून घ्यावे.

आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून अमृत आहार योजनेखाली गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण देण्याची सोय झाली. धाराशिव जिल्हा २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांत गणला गेला, म्हणजे मागासलेपण सरकारनेच मान्य केले. मग ते एक ताट येथील तांड्यांना आणि स्थलांतरित मातांना का मिळू नये? अंगणवाडीचा आहार कंत्राटदारांकडून घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच बजावले आहे. तो गावातील बायकांच्या हातचा आणि गावच्या धान्याचा असावा.

दवाखान्यात परिचारिकांच्या जागा भरल्या जाव्यात आणि पहिल्या तासाची नोंद प्रत्येक बाळंतपणाला व्हावी. अंगणवाडी सेविका आणि आशा यांना मानधनाऐवजी वेतन मिळावे. १९९२ च्या कायद्याचा भंग दिसला, दुकानात जाहिरात दिसली, दवाखान्यात नमुने दिसले, तर आपण लेखी तक्रार करावी.

हे सारे मागण्याआधी एक लहान काम प्रत्येकाने आपल्या गावी करावे. दोन वर्षांखालील मूल असलेल्या मजूर स्त्रियांची यादी करावी. ती कामावर किती वाजता जाते, किती वाजता येते, मूल कोणाजवळ राहते, हंगामात कोठे जाते, मातृवंदनेचे पैसे मिळाले की नाही, एवढेच लिहावे. उपदेश करू नये. विचारावे आणि ऐकावे. दिवाळीआधी, टोळ्या निघण्यापूर्वी, या याद्या घेऊन तहसील कचेरीवर आणि कारखान्यांच्या दारांत आपल्याला जावयाचे आहे. गिरणीतल्या बाईला जे १९२९ साली मिळाले, ते फडातल्या बाईला अजून मिळालेले नाही. ते मिळविणे हे आपले काम आहे, आणि त्याला या हंगामापासून सुरुवात करू.